पायाखालचे शब्द

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत सुगनच्या पाठांतराचा बोलबाला होता. पोर सात वर्षांची, समोरचे दात पडलेले, पण पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की तिला उभं करायचं आणि तिनं हात जोडून घडाघडा सुरू व्हायचं. नवकार म्हणा, स्तोत्र म्हणा, चोवीस तीर्थंकरांची नावं म्हणा, पोर कुठे अडायची नाही. शांतीलाल कापडवाल्याच्या घरात पाठांतराला दागिन्याचा मान होता. त्याची आई धनकुंवर, सगळी गल्ली जिला माजी म्हणायची, तिला अख्खं प्रतिक्रमण, पापांची क्षमा मागायचा तो लांबलचक पाठ, तोंडपाठ होतं आणि एक अक्षर वाचता येत नव्हतं. साध्वींच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं ते पोटात साठवलं होतं. नात आपल्यावर गेली म्हणून म्हातारीला कोण कौतुक.

आणि अशी ही पोर मागल्या वर्षी पहिलीत नापास झाली. घरच्यांनी खापर मास्तरणीवर फोडलं. मारवाड्याच्या पोरांना मुद्दाम मागे ठेवतात, असं माजीनं जैन स्थानकात, साध्वी उतरतात तिथं, चारचौघींना सांगितलंही. सुगनची आई तारादेवी तेवढी गप्प होती, कारण तिला आतून काहीतरी कुरतडत होतं. ती स्वतः जळगावजवळच्या नशिराबादची. तिथल्या मराठी शाळेत चौथी शिकलेली. सुगन घरी धडा म्हणायची तेव्हा तिचं बोट एका ओळीवर असायचं आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर, हे तारादेवीनं कधीच पाहिलं होतं. पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आई झाली की माणसाला ही एक विद्या येते.

शिवरात्र झाली आणि लताबाईंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, तारादेवीला शाळेत बोलावून घेतलं. बाई सरळ होत्या. त्यांनी सुगनला पुस्तक दिलं, धडा उघडला आणि चित्रावर हात ठेवला. झालं. पोरीनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग आईच्या, मग भलताच धडा सुरू केला, तोही अगदी सुरात. बाईंनी तिला खेळायला पिटाळलं आणि सांगितलं की हिला अक्षरं सुटी सुटी ओळखता येतात, पण शब्द नजरेला धरतच नाही. ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’ हे शब्द पानापानावर येतात, तेसुद्धा हिला रोज नवे. परीक्षेला पुस्तकातलं विचारणार नाही, फळ्यावर आपल्या मनचं लिहून देणार. वाचलं तर दुसरीत, नाही तर नाही.

घरी काय ठरलंय ते तारादेवीला ठाऊक होतं. शांतीलाल वाईट माणूस नव्हता, पण दोन मीटर कापड आणि आयुष्य दोन्ही एकाच कात्रीनं कापायचा. त्यानं सांगून टाकलं होतं की ह्या खेपेला पोर पहिलीत राहिली तर नाव काढून टाकायचं. आईच्या हाताखाली पापड लाटायला शिकेल, तिला कुठं कलेक्टर व्हायचंय. माजीनं त्यावर मान डोलावली होती. आपलं काय अडलं वाचायला न येऊन, असं तिचं म्हणणं.

काय अडलं ते तारादेवी रोज पाहत होती. स्टँडवर गेलं की म्हातारी गाडीच्या पाटीकडे न बघता माणसांच्या तोंडाकडे बघायची. पुरचुंडीवर काय लिहिलंय हे विचारायला तिला सुनेची वाट पाहावी लागायची. आपली लेक जन्मभर अशी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणार, ह्या विचारानं तारादेवीच्या हातातलं लाटणं थांबायचं.

तिनं सुगनला पुस्तक घेऊन पुढ्यात बसवायला सुरुवात केली. पालथ्या घड्यावर पाणी. पोर बसायची, पण बुड टेकायचं नाही. गुडघा हलायचा, पाय हलायचे, तोंडानं धडा चालायचा आणि डोळे चिमणीवर. एकदा तारादेवीनं तिला चापट मारली. पोर रडली नाही, नुसती घाबरून त्याच धड्याचा पुढचा भाग म्हणू लागली. ते पाहून आईलाच रडू आलं. नेमकी तेव्हा दूधवाली मंजुळाबाई दारात होती. तिनं दूध ओतता ओतता अहिराणीत म्हटलं, “बसाडी नका ठेवू तिले. पोर हुशार शे, पन तिना पाय एक जागावर ऱ्हातस नही. तिले बठ्ठं खेयमाच समजस.”

हिला सगळं खेळातच समजतं, एवढं सांगून मंजुळाबाई गेली आणि तारादेवी अंगणाकडे बघत राहिली. फरशीवर सुगननं कोळशानं घरं आखली होती, ठिकरी टाकून लंगडी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, माजी स्थानकात प्रवचनाला गेल्यावर, तारादेवीनं प्रत्येक घरात खडूनं एकेक शब्द लिहिला. घर. पाणी. आहे. नाही. आणि. मग ती ओट्यावर उभी राहून शब्द पुकारायची आणि सुगननं लंगडी घालत त्या घरात जायचं. पोरीला वाटलं, आईच खेळायला आली. पहिले दोन-तीन दिवस धडपडली, आणि मग जी सुटली! ‘नाही’ म्हणायचा अवकाश, टुणकन उडी. ‘आहे’ म्हटलं की उलटी गिरकी घेऊन बरोबर तिथं. तारादेवीला वाटलं, देव पावला. रात्री तिनं नवऱ्याला ऐकवलंसुद्धा, की बघा, तुमची पोर आता शब्द ओळखते. शांतीलाल म्हणाला, बघू.

माजीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्या घरात लिहिलेल्या कागदाला चुकून पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावायचा. जेवताना पुस्तक नाही, उष्ट्या हातानं अक्षराला शिवायचं नाही. अक्षर म्हणजे ज्ञान, आणि ज्ञानाचा अपमान म्हणजे आशातना, मोठं पाप. तारादेवीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ती रोज खेळ झाला की फरशी पुसायची आणि मनातल्या मनात हात जोडायची. पोरीच्या पायांत अक्कल असेल तर आपण काय करणार, अशी देवाशी हुज्जतही घालायची.

एके दिवशी स्थानकातलं प्रवचन लवकर आटपलं. माजी दारात आली तेव्हा तिची नात ‘पाणी’ ह्या शब्दावर दोन्ही पायांनी उभी होती आणि सून टाळ्या वाजवत होती. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण अक्षर आणि रेघ ह्यांतला फरक कळत होता. ती ओरडली नाही. खाली बसली, नातीला हातानं बाजूला केलं आणि आपल्या पदरानं एकेक शब्द पुसला. गुडघे दुखत होते तरी सगळे पुसले. त्या पुसण्यानं तारादेवीचं धाबं दणाणलं. शिव्या परवडल्या असत्या.

त्याच दुपारी माजी तिला महासतीजींपुढे घेऊन गेली. चैत्री ओळीच्या नऊ दिवसांच्या व्रतासाठी साध्वी स्थानकात उतरल्या होत्या. तारादेवीनं सगळं खरं सांगितलं, परीक्षेचंही. महासतीजींनी एक आयंबिल सांगितलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल-तूप-मीठ-मसाल्याशिवाय. तारादेवीनं डोकं टेकवलं, पण उठली नाही. तिनं विचारलं, परीक्षेपर्यंत मी रोज आयंबिल करते, पोरीला तेवढं खेळू द्याल का? महासतीजी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ठरवून केलेल्या चुकीला प्रायश्चित्त नसतं, एवढंच म्हणाल्या. आणि तारादेवी निघताना, शब्द पायाखालीच हवेत असं थोडंच आहे, असंही म्हणाल्या.

तेवढ्या आधारावर तिनं दुकानातून थानांतले पुठ्ठे आणवले. तागा संपला की आत राहतात ते. कापून त्यांच्यावर गेरूनं तेच शब्द लिहिले आणि अंगणातल्या वाळवणाच्या दोरीला टांगले, सुगनला उडी मारून हात लावता येईल इतके उंच. खेळ तोच, पायाऐवजी हात. सुगन लंगडी घालायला पाय उचलून तयार.

“पाणी,” तारादेवी म्हणाली.

सुगननं पुठ्ठ्यांकडे पाहिलं. मग खाली, रिकाम्या फरशीकडे पाहिलं. मग पळत गेली आणि फरशीवर जिथं ‘पाणी’ असायचं तिथं जाऊन उभी राहिली.

तारादेवीनं ‘आहे’ म्हटलं. पोर फरशीवर गिरकी घेऊन दुसऱ्या जागी. ‘घर’ म्हटलं, पोर पहिल्या जागी. पुठ्ठे डोक्यावर वाऱ्यानं हलत होते आणि पोर एकाकडेही बघत नव्हती. तेव्हा तारादेवीच्या लक्षात आलं. तिनं रोज शब्द त्याच त्याच घरांत लिहिले होते. रोज. एकदाही जागा बदलली नव्हती. पोर शब्द शिकलीच नव्हती, तिनं जागा पाठ केल्या होत्या. तोंडाचं पाठांतर पायांनी केलं, एवढाच फरक. आणि ह्याच्यावर आपण नवऱ्यापुढे तोरा मिरवला. आठवडे वाया गेले, परीक्षा दारात आली आणि गाडी होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी तिचं आयंबिल होतं. बिनमिठाचा भात पुढ्यात घेऊन ती रडत बसली. माजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. सून रडतेय म्हटल्यावर आधी तिला वाटलं, आयंबिल सोसत नाही. तारादेवीनं ओकून टाकलं सगळं. पोरीला काही येत नाही, आपण फसलो, आता तिचं नाव निघणार आणि ते आपल्यामुळं. घरातलं बोलणं सगळं मारवाडीत चालायचं, आपण ते मराठीत ऐकू.

म्हातारी पाटावर टेकली. मग सुनेला म्हणाली, “बीनणी, स्थानकात माझ्या हातात पोथी असते ना, ती मी वाचते असं तुला वाटतं?”

तारादेवीनं मान हलवली. नाही, हे तिला माहीत होतं.

“बाकीच्यांना वाटतं. शेजारणीनं पान उलटलं की मी उलटते. ती शिंकली आणि थांबली तर मीही थांबते. नवीन कुणी आली की मी चष्मा विसरले म्हणते.” माजीनं पदर सारखा केला. “ही पोर माझीच नात आहे. ती कशी चकवते ते तुला कळणार नाही. तू शिकलेली आहेस. तिला माझ्याकडे दे.”

ज्या बाईनं अंगणातले शब्द पुसले तीच आता खेळायला मागत होती. पण बुडत्याला काडीचा आधार, तिनं पुठ्ठे आणून सासूच्या मांडीवर ठेवले. आणि ह्या वेळी नवे शब्दही लिहिले: या, जा, बसा, उठा, घ्या, ठेवा.

खेळ माजीनंच बसवला. ती डोळे मिटून पुठ्ठे पिसणार, त्यातला एक वर काढून नातीपुढे धरणार. नातीनं वाचायचं आणि जे लिहिलंय ते आजीनं करायचं. वाचल्याशिवाय आजी हलणार नाही, वाटेल ते झालं तरी. तारादेवीनं चुलीपाशी बसून नुसतं बघायचं, खोटं वाचलं तर खोकायचं.

पहिल्या संध्याकाळी पोरीनं सगळे डाव टाकून पाहिले आणि म्हातारीनं सगळे पकडले. “आईकडे बघू नको, तिचं तोंड वाचतेस.” “तो कोपरा दुमडलाय म्हणून ओळखलास, थांब, सगळेच दुमडते.” “अंदाजानं बोललीस, अंदाजाला मी बधत नाही.” सुगन रडकुंडीला आली. एकदा तर तारादेवी शब्द सांगायला पुढेही झाली, पण सासूनं तिला नजरेनं जागेवर बसवलं.

मग कधीतरी सुगन एका पुठ्ठ्याकडे बघत राहिली, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत. “उ… ठा,” ती म्हणाली. आणि धनकुंवर, जिला घरात ऊठ म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, जी दुकानाच्या मालकालाही बसल्या जागेवरून हुकूम सोडायची, ती गुडघ्यावर हात देऊन कण्हत उठली. सुगननं आ वासला. मग ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

तिथून पोरीला चटकच लागली. दादीला उठवायचं, बसवायचं, दारापर्यंत पाठवायचं आणि परत बोलवायचं. तारादेवीनं पुठ्ठे जोडायला सुरुवात केली. ‘पाणी आणि दिवा’ वाचलं की माजीनं दोन्ही आणायचं, एकच आणलं तर खेळ आजीवर उलटणार. ‘पाणी नाही’ वाचलं की आणलेला तांब्या परत ठेवायचा. लताबाईंनी सांगितलेले ते रोजचे शब्द, ज्यांचं चित्र काढता येत नाही, ते पोरीला असे कळले. ‘नाही’ म्हणजे दादीची फुकट फेरी. तो तिचा लाडका शब्द झाला.

पण तारादेवीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पोर वाचायची, पण फार सावकाश. एखाद्या संध्याकाळी सगळं ओळखायची, दुसऱ्या संध्याकाळी ‘बसा’ वरच अडून बसायची. ‘बसा’ तिला चुकून-माकूनच यायचा, का कोण जाणे. फळ्यावर बाईंचं अक्षर वेगळं असणार, शेजारी दादी नसणार, पन्नास पोरं बघत असणार. तारादेवी रात्री नवऱ्याशी बोलायचं टाळायची, कारण तो विचारेल आणि आपल्याला पुन्हा तोरा मिरवायचा मोह होईल अशी तिला भीती वाटत होती.

परीक्षेच्या सकाळी माजी म्हणाली, मीही येते. शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या आया उभ्या होत्या. वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या, ऊन आत्तापासूनच चटका देत होतं. लताबाई एकेकाला फळ्यापाशी बोलवायच्या, एक ओळ लिहायच्या, ऐकायच्या आणि पुसायच्या. सुगनचं नाव आलं. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ‘मुलांनो, घरात या आणि खाली बसा.’

तारादेवीनं खिडकीचा गज धरला. शेवटचा शब्द तिनं आधी वाचला होता.

सुगन फळ्यापुढे हात जोडूनच उभी राहिली, पाहुण्यांपुढे राहायची तशी. तारादेवीला वाटलं, आता ही स्तोत्र सुरू करते. पण पोर गप्प होती. मग तिनं ओठ हलवले. “मु… लां… नो. घ… रा… त.” मागच्या बाकावर कुणीतरी खुदकलं. “या,” सुगन पटकन म्हणाली. “आणि.” तोही पटकन. “खा… ली.”

आणि थांबली.

बाई थांबल्या. वर्ग थांबला. सुगननं एक पाय उचलला, खाली ठेवला, आणि मान वळवून खिडकीकडे पाहिलं. सरळ आईकडे. तारादेवीला त्या नजरेची ओळख होती. पोर तोंड वाचायला आली होती. ओठ नुसते हलवायचे, ‘ब’ म्हणायला मिटायचे, बाईंना दिसणारही नाही. नाही तर नुसतं खाली बसायचं. आई थकली, बसली, कोण काय म्हणणार? एवढ्याशानं पोरीचं वर्ष वाचणार होतं, शाळा वाचणार होती, सगळं पुढचं वाचणार होतं. तारादेवीचे गुडघे वाकायला लागले होते.

माजीनं तिचं कोपर धरलं. म्हातारीची पकड अशी काही होती, की दंडावर वळ उठावेत. ती खिडकीतून नातीकडे बघत होती आणि तिचा चेहरा भिंतीइतका कोरा होता. तिला फळ्यावरचं काही कळत नव्हतं, काय सांगायचं तेच ठाऊक नव्हतं. “हलू नको,” ती पुटपुटली. “तिनं वाचल्याशिवाय हलायचं नाही.”

तारादेवीनं डोळे मिटून घेतले. पोरीला आपल्या तोंडावर काही म्हणता काही सापडू नये म्हणून. तिला वाटलं, आपण आपल्या हातानं लेकीचं नाव शाळेतून कापतोय.

आत बाईंनी खडू ठेवल्याचा आवाज आला. संपलं, तारादेवीनं मनात म्हटलं.

“ब,” सुगनचा आवाज आला. “सा.” आणि मग मोठ्यानं, अख्खा: “खाली बसा!”

कोपरावरची पकड सुटली. तारादेवीनं डोळे उघडले तर शेजारी सासू नव्हती. ती खाली होती. पाचव्या गल्लीची माजी, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलेली, धुळीच्या व्हरांड्यात सगळ्या आयांच्या पायांशी फतकल मारून बसली होती.

लताबाई बाहेर आल्या त्या आधी म्हातारीला चक्कर आली असं वाटून. मग तारादेवीकडे बघून म्हणाल्या, अडखळते, पण वाचते, आता खरंच वाचते. जूनमध्ये दुसरीच्या वर्गात पाठवा. तारादेवीनं पदर तोंडाला लावला.

सुगन बाईंच्या मागून धावत आली. दादी खाली बसलेली पाहून तिनं टाळ्या पिटल्या आणि हात पुढे केला.

“दादी, उठा.”

माजी जागची हलली नाही. तिनं बाईंकडे पाहिलं, मग नातीकडे.

“तोंडी चालत नाही,” ती म्हणाली. “बाईंना लिहू दे. तू वाच, मग उठते.”